गांज्याचा गल्ला आणि गावाचं अंदाजपत्रक

अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत प्रौढांना गांजा विकत घेणं आता कायदेशीर आहे. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांचे आणि महाराष्ट्रातल्या एका वाचकाचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळ्यांचा रोख एकच : या दुकानांवरच्या कराचा पैसा शहराच्या आणि काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या) तिजोरीत कसा येतो, किती येतो, आणि कुठे गळतो. गांजा चांगला की वाईट हा वाद या सदरात नाही. ‘गांजा’ हा शब्द आम्ही दुकानात मिळणाऱ्या सगळ्याच मालासाठी वापरला आहे : फुलं, तेल, गोळ्या, बिस्किटं.

प्रश्न (लॉस एंजेलिस) : दुकानाच्या फलकावर ४० डॉलर होते, पावती आली ५५ डॉलर ५३ सेंटची. वरचे साडेपंधरा डॉलर कुणाच्या खिशात गेले? शहराला त्यातलं काही मिळतं का?

मिळतं, पण वाटतं त्यापेक्षा कमी. पावती वरून खाली वाचा. ४० डॉलरवर आधी शहराचा व्यवसाय कर, १० टक्के : ४ डॉलर. झाले ४४. या ४४ वर राज्याचा अबकारी कर, १५ टक्के : ६ डॉलर ६० सेंट. झाले ५० डॉलर ६० सेंट. आता या सगळ्यावर विक्रीकर, लॉस एंजेलिस शहरात ९.७५ टक्के : ४ डॉलर ९३ सेंट. प्रत्येक कर आधीच्या करावरही बसतो. तिन्ही दरांची साधी बेरीज पावणेपस्तीस होते. खिशातून जवळजवळ ३९ टक्के जातात ते या चढत्या माळ्यांमुळे.

शहराकडे व्यवसाय कराचे ४ डॉलर पूर्ण जातात, शिवाय विक्रीकरातला एक टक्का, म्हणजे ५१ सेंट. एकूण साडेचार डॉलर. अबकारी कर राज्याचा. विक्रीकरातले अडीच टक्के, सव्वा डॉलरच्या आसपास, काउंटीभरच्या मतदारांनी मंजूर केलेल्या वाहतुकीच्या आणि बेघरांसाठीच्या निधीत जातात.

व्यवसाय कर कायद्याने दुकानदारावर आहे, गिऱ्हाइकावर नाही. तो पावतीवर वेगळा दाखवायचा की किमतीतच धरायचा, हे दुकानदार ठरवतो. त्यामुळे दोन दुकानांच्या फलकांवरचे भाव ताडून पाहण्यात अर्थ नाही, शेवटची रक्कम पाहा. जुलै ते सप्टेंबर २०२५ मधली पावती हाताशी असेल तर तिच्यावर अबकारी कर १९ टक्के दिसेल. १ जुलैला दर वाढला आणि १ ऑक्टोबरला पुन्हा १५ वर आणला गेला; हा १५ चा दर जून २०२८ पर्यंत आहे. राज्याचं वैद्यकीय ओळखपत्र असेल तर विक्रीकर माफ होतो. डॉक्टरची नुसती चिठ्ठी त्याला पुरत नाही.

प्रश्न (सॅन होजेजवळचं एक छोटं शहर) : आमच्याकडे दुकानांना परवानगी द्यायचं घाटतं आहे. मी नागरिकांच्या अर्थ समितीवर आहे. कर लावण्याची पद्धत पायरी-पायरीने सांगाल का?

पहिली गोष्ट, परवानगी आणि कर ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या दारांनी जातात. दुकान कुठे असावं, शाळेपासून किती अंतरावर, किती दुकानं : हे सिटी कौन्सिल स्वतः ठरवू शकतं. कर मात्र मतदारच लावू शकतात. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ पासून, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या राज्यव्यापी प्रस्तावापासून, कॅलिफोर्नियात हाच नियम आहे.

मग ठरवायचं की कर सर्वसाधारण हवा की विशेष. सर्वसाधारण कराला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं, पण पैसा शहराच्या सर्वसाधारण निधीत पडतो आणि कौन्सिल तो कशावरही खर्च करू शकतं. विशेष कराचा हेतू कायद्याने बांधलेला असतो, त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. बहुतेक शहरं पहिला रस्ता धरतात आणि प्रचाराच्या पत्रकावर बागा, अग्निशमन दल, खड्डे यांची चित्रं छापतात. ती चित्रं कुणालाही बांधून ठेवत नाहीत, एवढं तुमच्या समितीने लोकांना स्पष्ट सांगावं. सर्वसाधारण कर मतपत्रिकेवर घालायला कौन्सिलची दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि मतदान कौन्सिल सदस्यांच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबरच घ्यावं लागतं. सगळ्या सदस्यांनी एकमताने आणीबाणी ठरवली तरच अपवाद.

वटहुकमात एकच दर लिहू नका. कमाल दर मतदारांकडून मंजूर करून घ्या आणि त्याच्या आत दर खाली-वर करण्याचा अधिकार कौन्सिलला द्या. कमाल मर्यादेच्या आतली वाढ ही नवी करवाढ धरली जात नाही. एकच आकडा लिहिला असेल तर मंदीत खाली आणलेला दर पुन्हा वर न्यायला मतदारांकडे जावं लागण्याची पाळी येते. प्रत्येक धंद्याला वेगळा दर ठेवा. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी मार्च २०१७ मध्ये मेझर एम (मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाला ‘मेझर’ म्हणतात) मंजूर केलं, त्यात प्रौढांच्या किरकोळ विक्रीला १० टक्के, वैद्यकीय विक्रीला ५, लागवड आणि उत्पादनाला २, वाहतूक आणि चाचणीला १ अशी उतरंड आहे. प्रयोगशाळेवर दुकानाइतका कर लावला तर प्रयोगशाळा शेजारच्या गावी जाते. दुकानाला गिऱ्हाइकाजवळच राहावं लागतं, प्रयोगशाळेला नाही.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती व्याख्येवरून. ‘एकूण विक्री’ म्हणजे काय, हे वटहुकमात शब्दशः लिहा : त्यात विक्रीकर धरायचा का, राज्याचा अबकारी कर धरायचा का, सवलतीआधीची किंमत की नंतरची, दुकानातले टी-शर्ट आणि चिलमी धरायच्या का, आणि बाहेरगावच्या दुकानाने तुमच्या शहरात घरपोच दिलेला माल कुणाचा. हे शेवटचं विसरलं तर घरपोच सेवेवरचा कर मागताना शहराच्या हाताशी कायद्याचा आधार राहत नाही.

मतपत्रिकेवरचा मजकूर ७५ शब्दांत बसवायचा असतो, आणि त्यात दर, मुदत आणि वर्षाला अंदाजे किती डॉलर येतील हे तिन्ही द्यावं लागतं. ठराव काउंटीच्या निवडणूक कार्यालयात मतदानाच्या ८८ दिवस आधी पोचला पाहिजे. नोव्हेंबरच्या मतदानासाठी म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. कौन्सिलची उन्हाळी सुट्टी नेमकी याच सुमाराला येते, ते लक्षात ठेवा.

कर आणि शुल्क यांतला फरकही समितीला ठाऊक असावा. अपलँड शहरात नागरिकांनी एक प्रस्ताव आणला होता : तीन दुकानांना परवानगी द्या आणि प्रत्येकाकडून वर्षाला ७५,००० डॉलर शुल्क घ्या. शहराने हिशेब केला की परवाना आणि तपासणीचा खरा खर्च १५,००० डॉलर आहे; वरचे ६०,००० हा करच, म्हणून मतदान नेहमीच्या निवडणुकीतच व्हायला हवं. भांडण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये निकाल लागला की नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या प्रस्तावाला ती अट लागू नाही. गांज्याच्या तीन दुकानांसाठी सुरू झालेल्या या खटल्याचा आधार पुढे इतर करांच्या प्रस्तावांनीही घेतला. शहराने स्वतः शुल्क लावताना मात्र खर्चाचा हिशेब कागदावर हवाच.

प्रश्न (सॅक्रामेंटो) : कर विक्रीच्या टक्केवारीने घ्यावा, वजनावर की शेताच्या चौरस फुटांवर? शेताचं क्षेत्र तर लपवता येत नाही.

लपवता येत नाही हे खरं, आणि म्हणूनच उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट काउंटीने नोव्हेंबर २०१६ मध्ये मेझर एस आणलं : उघड्या शेताला चौरस फुटामागे १ डॉलर, अर्धवट कृत्रिम प्रकाशाच्या हरितगृहाला २, बंदिस्त खोलीतल्या लागवडीला ३. मोजायला सोपं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलंच असतं, गुणाकार करायचा आणि बिल पाठवायचं. दहा हजार चौरस फुटांच्या उघड्या शेताला, म्हणजे पाव एकराहून थोड्या कमी जागेला, वर्षाला दहा हजार डॉलर.

गडबड झाली ती भावात. २०२१ मध्ये घाऊक भाव कोसळले. टक्केवारीचा कर भावाबरोबर आपोआप खाली आला असता. चौरस फुटाचा कर जागच्या जागी राहिला. त्यात कर परवान्यावरच्या क्षेत्रावर, मग तेवढी लागवड केली असो वा नसो, माल विकला असो वा गोदामात पडून असो. हे आपल्याकडच्या शेतसाऱ्यासारखंच झालं : पीक बुडालं तरी सारा उभा. २०२२ मध्ये काउंटीला दर ८५ टक्क्यांनी कापावा लागला. अंदाजपत्रकात स्थिर उत्पन्न म्हणून धरलेला आकडा एका ठरावाने जमिनीवर आला.

वजनावरच्या कराचंही तेच दुखणं. राज्याने २०१८ मध्ये फुलांवर औंसाला ९ डॉलर २५ सेंट आणि पाल्यावर २ डॉलर ७५ सेंट असा लागवड कर सुरू केला होता. भाव चढा होता तोवर तो खपला, भाव उतरल्यावर किमतीतला त्याचा हिस्सा वाढतच गेला, आणि १ जुलै २०२२ पासून तो रद्द झाला.

आमचं मत : किरकोळ दुकानावर टक्केवारी, आणि शेतावर अगदीच हवा असेल तर क्षेत्राचा कर, पण कमी दराने, आणि पडीक ठेवलेल्या क्षेत्राला सूट देऊन. सूट मागणाऱ्याने हंगामाआधी अर्ज करावा आणि काउंटीने मधे एकदा जाऊन पाहावं. एवढा खटाटोप जमणार नसेल तर शेतावर कर लावूच नये.

प्रश्न (एडिसन परिसर, न्यू जर्सी) : आमच्या टाउनशिपमध्ये दोन दुकानं आली तर मालमत्ता कर कमी होईल, असं सभेत सांगितलं गेलं. खरं आहे का?

हिशेब करून पाहू. न्यू जर्सीत गाव किरकोळ विक्रीवर जास्तीत जास्त २ टक्के कर लावू शकतं. लागवड आणि उत्पादनालाही २, घाऊक व्यापाऱ्याला १. एका दुकानाची वर्षाची विक्री ५० लाख डॉलर धरा. दोन दुकानांचे मिळून एक कोटी, त्यावर २ टक्के म्हणजे दोन लाख डॉलर. टाउनशिपमध्ये १२,००० घरं असतील तर घरामागे १६ डॉलर ६७ सेंट. न्यू जर्सीतला घराचा सरासरी मालमत्ता कर वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे. दोन पोलिसांचा पगार किंवा एका रस्त्याचं डांबरीकरण या पैशातून निघेल, तुमच्या बिलात मात्र फरक दिसणार नाही. पावतीवरचा ६.६२५ टक्के विक्रीकर संपूर्ण राज्याचा आहे, त्यातलं काही गावाला थेट येत नाही.

या राज्यात कर गावानेच वसूल करायचा असतो, तिमाहीला. राज्य गोळा करून पाठवत नाही. म्हणून टाउनशिपच्या अर्थ अधिकाऱ्याने दुकानदाराकडून राज्याला भरलेल्या एसटी-५० या तिमाही विक्रीकर विवरणाची प्रत मागावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कर थकला तर तो दुकान ज्या जागेत आहे त्या जागेवर बोजा म्हणून चढतो, दुकानदार भाडेकरू असला तरी. जागामालकांना हे माहीत असेलच असं नाही. तुमच्या ओळखीत कुणी गाळा भाड्याने देत असेल तर करारात तशी तरतूद करायला सांगा. एकाच मालकाने स्वतःच पिकवून स्वतःच्याच दुकानात माल आणला तरी मधल्या टप्प्याचा कर चुकू नये म्हणून कायद्यात वेगळा वापर कर आहे, पण तो गावाने वटहुकमात घालावा लागतो.

प्रश्न (डेट्रॉइटजवळून) : मिशिगनमध्ये शहर स्वतः कर लावत नाही असं ऐकलं. मग शहराला मिळतं काय?

बरोबर ऐकलंत. २०१८ च्या मतदानात मंजूर झालेल्या कायद्याप्रमाणे शहर फक्त वार्षिक शुल्क घेऊ शकतं, तेही ५,००० डॉलरपर्यंत. राज्य १० टक्के अबकारी कर घेतं आणि प्रशासनाचा खर्च वजा करून वाटतं : १५ टक्के शहरं आणि टाउनशिपना, १५ टक्के काउंटींना, ३५ टक्के शाळांना, ३५ टक्के रस्त्यांना. गंमत वाटपाच्या सूत्रात आहे. गावाचा वाटा विक्रीवर नाही, दुकानांच्या संख्येवर ठरतो. २०२३ च्या आर्थिक वर्षासाठी दुकानामागे ५९,००० डॉलरहून थोडे जास्त मिळाले, २०२४ साठी ५८,२०० च्या आसपास. दुकान दिवसाला दहा गिऱ्हाइकं करो की हजार, गावाला तेवढेच.

त्याचा परिणाम कळायला अर्थशास्त्र लागत नाही. गाव छोटी-छोटी चार दुकानं येऊ देतं, मोठं एक नको म्हणतं. आणि दुसरीकडे कुठेही नवं दुकान उघडलं की भागाकारातला भाजक वाढतो. विक्री तितकीच राहिली तर तुमच्या गावाचा वाटा तुमच्याकडे काहीही न बदलता घटतो. जानेवारी २०२६ पासून रस्त्यांसाठी २४ टक्क्यांचा घाऊक कर वेगळा लागला आहे. त्याने भाव चढून किरकोळ विक्री घटली तर १० टक्क्यांचं मूळ पातेलंच लहान होईल, हे पुढच्या अंदाजपत्रकात धरा.

राज्याच्या ओंजळीने पाणी पिण्यातला दुसरा धोका ओरेगनने दाखवला. तिथे कराचे १० टक्के शहरांना आणि १० टक्के काउंटींना मिळत. २०२० मध्ये मेझर ११० मंजूर झालं आणि तिमाहीला १ कोटी साडेबारा लाख डॉलरच्या वरचा सगळा पैसा व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे वळला. हेतू चांगला असेल, शहरांचा वाटा मात्र एका मतदानात आक्रसला, आणि त्यांना स्वतः लावता येणारा कर ३ टक्क्यांवर अडलेला.

इलिनॉयमध्ये दोन्हींची मिसळ आहे. शहर स्वतः ३ टक्क्यांपर्यंत, पाव-पाव टक्क्याच्या पटीत कर लावू शकतं, शिवाय राज्याच्या गांजा-उत्पन्नातले ८ टक्के गुन्हे प्रतिबंधाच्या कामासाठी लोकसंख्येप्रमाणे वाटले जातात.

प्रश्न (डेन्व्हर) : हा पैसा शाळांना जातो ना? मग शिक्षकांचे पगार का वाढत नाहीत?

कोलोरॅडोतला अबकारी कर शाळांच्या इमारतींसाठी आहे : छप्पर, बॉयलर, नवी शाळा. पगारासाठी नाही. प्यूब्लो काउंटीने लागवडीवरच्या स्वतःच्या करातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, तो वेगळा, स्थानिक निर्णय.

प्रश्न (कोलोरॅडो) : आमच्या शहराने गांज्याच्या कराच्या भरवशावर कायमची पदं भरली. आता उत्पन्न घटतं आहे. आधी कळायला नको होतं का?

कळायला हवं होतं. राज्याचं या करांचं आणि शुल्कांचं एकूण उत्पन्न २०२१ मध्ये सुमारे ४२ कोटी ३० लाख डॉलर होतं, २०२२ मध्ये ३२ कोटी ५० लाख, २०२३ मध्ये २७ कोटी ४० लाख, २०२४ मध्ये २५ कोटी ५० लाख. तीन वर्षांत चाळीस टक्के गेले. कारणं नेहमीच्याच धंद्यातली : टाळेबंदीतली जास्तीची खरेदी ओसरली, माल जास्त झाल्याने भाव पडले, आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोत एप्रिल २०२२ मध्ये दुकानं उघडली. तिथून सीमा ओलांडून येणारं गिऱ्हाईक घरीच थांबलं. सीमेवरच्या गावांना हा फटका सगळ्यांत आधी बसतो.

नव्या बाजाराचा आलेख ठरलेला असतो. पहिली दोन-तीन वर्षं चढ, मग शेजारी जागे होतात, मग उतार. चढाच्या वर्षांतली सरासरी काढून ती पुढच्या दहा वर्षांना लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. पहिल्या बारा महिन्यांचा पैसा खर्चच करू नये, गंगाजळीत ठेवावा. दुसऱ्या वर्षापासून अंदाजपत्रकात ‘गेल्या वर्षी प्रत्यक्ष आलेल्या रकमेच्या ७० टक्के’ एवढंच धरावं. हा ७० आमचा अंदाज आहे, कायदा नाही; सीमेवरच्या गावाने ५० धरावं. वरचं येईल ते एकवेळच्या कामांना. अरोरा शहराने या पैशातून क्रीडा-मनोरंजन केंद्र बांधलं. इमारत एकदा उभी राहिली की कर घटला म्हणून ती पडत नाही. अर्थात तिची वीज, पाणी आणि झाडलोट चालूच राहते, तो खर्च दुसऱ्या लेखाशीर्षात दाखवावा.

तुमच्या शहरात पदं भरून झाली आहेत. तेव्हा ती आता सर्वसाधारण विक्रीकराच्या लेखाशीर्षावर हलवा आणि तिथली रस्ते-दुरुस्तीसारखी एकवेळची कामं गांज्याच्या करावर आणा. रक्कम तीच राहते, पण करात घट आली की डांबरीकरण एक वर्ष पुढे जातं, माणसं घरी बसत नाहीत.

प्रश्न (ओकलंड) : हा रोखीचा धंदा. दुकानदार विक्री कमी दाखवत असेल तर शहराला कळणार कसं?

ओकलंडला हा प्रश्न सगळ्यांत जुना आहे. जुलै २००९ मध्ये इथल्या मतदारांनी मेझर एफ मंजूर केलं, हजार डॉलरला १८ डॉलर. गांज्याच्या धंद्यावरचा देशातला हा पहिलाच असा शहरी कर.

रोख येण्याचं कारण दुकानदाराची लबाडी नाही. गांज्याचा धंदा केंद्राच्या कायद्यात बेकायदा असल्याने मोठ्या बँका खातं उघडायला कचरतात आणि कार्ड कंपन्या व्यवहार घेत नाहीत. त्यामुळे शहराला नोटा मोजायची सोय करावी लागते : वेळ ठरवून भेट, दोन कर्मचारी, मोजणी यंत्र, कॅमेरा, आणि त्याच दिवशी भरणा. हे न करणाऱ्या शहरात दुकानदार नोटांची पिशवी घेऊन पाणीपट्टीच्या रांगेत उभा राहतो.

तपासणीला तीन कागद लागतात. राज्याच्या मेट्रक प्रणालीतली नोंद, ज्यात बियाण्यापासून विक्रीपर्यंत प्रत्येक पाकिटाला क्रमांक असतो. दुकानाच्या बिलिंग यंत्रातली रोजची बेरीज. आणि राज्याला भरलेलं विक्रीकराचं विवरण. तिन्ही जुळली तर बरं. मेट्रकमध्ये माल गेला पण बिल नाही, तर ‘नमुना’, ‘खराब’, ‘कर्मचाऱ्यांना दिला’ अशा नोंदी किती आहेत ते पाहा. बिलं आहेत पण सरासरी किंमत शेजारच्या दुकानाच्या निम्मी, तर सवलती तपासा : एक डॉलरला फुलं आणि चाळीस डॉलरला टोपी, अशी जोडी लावून करपात्र किंमत टोपीकडे ढकलता येते.

पण सगळीच थकबाकी चोरीची नसते. केंद्राच्या करकायद्याच्या १९८२ पासूनच्या कलम २८०ई प्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतल्या, मादक पदार्थांच्या धंद्याला नेहमीच्या वजावटी मिळत नाहीत, फक्त मालाची मूळ किंमत वजा होते. आकड्यात : विक्री २० लाख डॉलर, मालाची किंमत १० लाख, भाडं-पगार-वीज ९ लाख. खरा नफा एक लाख. इतर कुठल्याही कंपनीला २१ टक्क्यांनी २१,००० डॉलर कर. या दुकानाला १० लाखांवर, म्हणजे २,१०,००० डॉलर. एक लाख मिळवून दोन लाख दहा हजार भरायचे! त्यावर शहराचा १० टक्के कर एकूण विक्रीवर, नफ्याकडे न पाहता. अशा वेळी दुकानदार आधी मालवाल्याचे पैसे थकवतो, मग कर थकवतो, मग शटर ओढतो. शहराच्या वसुली खात्याने पहिल्या चुकलेल्या महिन्यालाच फोन करावा. सहा महिन्यांनी नोटीस काढली तर ती बंद दुकानाच्या दारावर चिकटवावी लागते.

प्रश्न (बॉस्टन परिसर) : मॅसॅच्युसेट्समध्ये ३ टक्के स्थानिक कर आणि शिवाय ३ टक्के ‘परिणाम शुल्क’. हे एकच आहे की दोन?

दोन. ३ टक्क्यांपर्यंतचा स्थानिक कर राज्याचं महसूल खातं गोळा करून शहराला पाठवतं, त्याचा हिशेब शहराला द्यावा लागत नाही. परिणाम शुल्क दुकान आणि शहर यांच्यातल्या करारातून येतं, आणि ते दुकानामुळे शहराला झालेल्या खर्चाशी निगडित हवं : वाहतूक पोलीस, तपासणी वगैरे. कित्येक शहरांनी खर्च न मोजताच सरसकट ३ टक्के लावले, वर देणग्याही मागितल्या. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने ते आवळलं. आता शहराला दरवर्षी खर्चाचे कागद दाखवावे लागतात. सहीसाठी महापौराच्या दारात उभं राहावं लागणारी पद्धत कुठवर जाऊ शकते हे फॉल रिव्हरमध्ये दिसलं. तिथल्या माजी महापौरांना गांज्याच्या व्यावसायिकांकडून खंडणी घेतल्याबद्दल २०२१ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं.

प्रश्न (शिकागो) : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राच्या दुकानात छोटी भागीदारी घेतली तर कर कसा भरायचा?

कराचं नंतर पाहू, आधी भागीदारी घेऊ नका. राज्यात कायदेशीर असलं तरी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व केंद्राच्या कायद्याने चालतं. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्टच लिहिलं की राज्याच्या परवान्याने केलेलं गांज्याचं कामही नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं. घेऊन बसला असाल तर पुढची सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

प्रश्न (नाशिक) : जकात गेली, एलबीटी गेला, महापालिका राज्याच्या तोंडाकडे पाहतात. आपल्याकडे असा कर शक्य आहे का?

आज नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस बाळगणं, विकणं गुन्हा आहे. शेंड्यांवाचूनची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं चालतात ती या फटीतून.

पण समजा उद्या कायदा बदलला, तरी कर महापालिकेकडे आपोआप येणार नाही. घटनेच्या राज्यसूचीतल्या ५१ व्या नोंदीत दारूबरोबर अफू आणि ‘भारतीय भांग’ यांच्यावर उत्पादन शुल्क लावण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे, आणि जीएसटी आल्यावरही ती नोंद जागेवर आहे. महापालिकेला फक्त विधिमंडळ देईल तेच कर लावता येतात. म्हणजे मिशिगनसारखंच : राज्य गोळा करणार, सूत्र राज्य ठरवणार.

कल्पना मात्र अजिबात नवी नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना, मर्यादित लागवड आणि माफक कर हा मार्ग बरा, असं म्हटलं. मुंबई इलाख्यातली गांज्याची लागवड त्या काळी मुख्यतः नगर जिल्ह्यात होती. शुल्क सरकारच्या अबकारी खात्यात जमा होई.